गळ्याचं बटण

शाळा उघडणार हा निरोप आला तेव्हा धाकटी शिलाई मशीनखाली वाकून तेल सोडत होती. आता यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. भर दुपार होती, दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ नेहमीसारखा खरखरत होता. फोन शाळेच्या मोठ्या बाईंचा होता. त्या म्हणाल्या, शाळा सुरू होतेय, आणि या वेळी खरोखरची, बाकांची आणि घंटेची, तेव्हा गणवेशांचं मनावर घ्या. धाकटी तेलाची बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग एकटीच हसली. हसता हसता डोळे पुसायला गेली तर तेल डोळ्यात गेलं, आणि त्या निमित्ताने तिने पोटभर रडून घेतलं.

दुकान दोघी बहिणींचं. पुढच्या खोलीत धाकटी: मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. मागच्या खोलीत थोरली. थोरलीला माणसांचा भारी कंटाळा. कुणी गिऱ्हाईक गप्पा मारायला टेकलं की ती मागून खाकरायची, आणि तेवढ्याने माणूस उठायचा. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई, हे सगळं तिच्याकडे. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी होती, तिला लाकडी झडप आणि पलीकडच्या बाजूला एक फळी. धाकटीने शिवलेला कपडा फळीवर ठेवायचा, झडप ओढून घ्यायची आणि दोनदा वाजवायचं, टक टक. म्हणजे काम आलं. थोरलीने काम उरकून कपडा फळीवर ठेवायचा आणि एकदा वाजवायचं, टक. म्हणजे झालं. ती एक टक ऐकू येईपर्यंत झडपेला हात लावायचा नाही. एकदा धाकटीने घाईघाईत मध्येच झडप उघडली, तर थोरलीने तिच्याशी अबोला धरला. “कुणी बघत असलं की माझी सुई बोटात जाते,” एवढंच म्हणाली.

तिची बटणं मात्र बघण्यासारखी. पोरांच्या शर्टाचं गळ्याचं बटण ती नेहमी जरा उंच लावायची, खाली दोऱ्याचा देठ गुंडाळून, म्हणजे गळ्याशी घट्ट बसत नाही. इतकं बारीक काम कोण बघणार, असं धाकटी म्हणायची. थोरली म्हणायची, बघू दे नाहीतर न बघू दे, पोरांचा जीव गुदमरता कामा नये.

लग्न केलं नाही, कुठे आली-गेली नाही. जीव होता तो फक्त धाकटीच्या पोरीवर. तिला ‘बटण’ हे नाव तिनेच पाडलं. लहान, गोल आणि हरवलं की अख्खं घर पालथं घालायला लावणारी, म्हणून बटण. पोरीचं शाळेत नाव घातलं तेव्हा थोरलीने जाहीर करून टाकलं, “पहिल्या दिवशी हात धरून मीच सोडणार. आईबापांनी मध्ये पडायचं नाही.” कोपऱ्यावर जायचं म्हटलं तरी जिच्या कपाळाला आठ्या पडायच्या ती शाळेच्या फाटकापर्यंत जाणार, म्हणून गल्लीभर तिची चेष्टा झाली.

तो पहिला दिवस यायच्या आधीच साथ आली. शाळा बंद, दुकान बंद, रस्ते बंद. मग थोरलीला ताप भरला. तिने कुणाचा सल्ला घेतला नाही. मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून सांगितलं, “पोरगी घरात आहे. इथलं काही म्हणजे काही बाहेर जाता कामा नये. सगळं संपलं की तू सांग मला. तू सांगितल्याशिवाय मी बाहेर पाऊल टाकणार नाही.”

धाकटी जेवणाचं ताट फळीवर ठेवायची, टक टक करायची. आतून टक यायची. त्या एका आवाजावर घर जगत होतं. मग एका दुपारी धाकटीने टक टक केली आणि उत्तर आलं नाही. तिने वाट बघितली नाही, लगेच फोन करून गाडी बोलावली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मागच्या बोळातून आली आणि मागच्या दाराने थोरलीला घेऊन गेली. वरच्या मजल्याच्या खिडकीत बटणला कडेवर घेऊन धाकटी उभी होती. थोरलीने हात उचलून फक्त ‘लांब राहा’ अशी खूण केली. त्यानंतर तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. खोलीत औषध फवारलं गेलं, धाकटीने दोन्ही दारांना कुलपं घातली, झडप ओढून घेतली आणि त्या भिंतीला टेकून कापडाचे तागे रचून ठेवले.

तर असं सगळं होतं, आणि आता शाळा उघडत होती.

दुकानात ही झुंबड उडाली. कुणाचंच जुनं माप जुनं राहिलं नव्हतं. पोरं उंचीला वाढली होती आणि आईबाप रुंदीला. तोंडावरची पट्टी काढून लोक हसायचे आणि धाकटीला क्षणभर माणूसच ओळखू यायचा नाही. एका गिऱ्हाइकाला मिशा आहेत हे तिला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. आनंद होता, पण तो चोरट्यासारखा. कुणी जरा खोकलं की सगळं बाकडं गप्प व्हायचं आणि खोकणारा स्वतःच म्हणायचा, ठसका हो, ठसका, दुसरं काही नाही.

बटणचं दुःख वेगळंच. ती आता सात वर्षांची होती आणि शाळा नावाची गोष्ट तिने मोबाइलच्या काचेतच पाहिलेली. घरातली माणसं सोडली तर जगातली सगळी माणसं तिने नाकाच्या वरतीच पाहिलेली. चित्रात ती माणसं काढायची ती डोळ्यांपर्यंत, खाली कोरं. शाळेचं नाव काढलं की ती कापडाच्या ढिगात तोंड खुपसायची. रात्री आईच्या कुशीत विचारायची, “तिथे सगळ्यांना तोंड असेल?” असेल, म्हटलं की म्हणायची, मग मी नाही जाणार. पोरगी अशीच चार भिंतींत राहिली तर ती दुसरी थोरली होणार, हे धाकटीला दिसत होतं. बटणचा बाप ट्रकवर, महिना महिना बाहेर. फोनवर तो म्हणायचा, जाईल गं, एकदा सवय झाली की जाईल. लांबून बोलायला काय जातं?

म्हणून धाकटीने बटणचा गणवेश सगळ्यात आधी शिवला. बटणंसुद्धा स्वतःच लावली, घट्ट, आणि शर्ट वरच्या कपाटात ठेवून दिला. मग नमुन्याचे शर्ट घेऊन ती शाळेत दाखवायला गेली. फाटकावरच्या शिपायाने ताप मोजायचं पिस्तूल तिच्या कपाळासमोर धरलं. हिरवा दिवा लागला. शिपाई मोठा बोलघेवडा. म्हणाला, पोरं आली की प्रत्येकाचं कपाळ बघायचं आहे, ताप असला की हे लाल होऊन असं किंचाळतं की बहिराही पळेल. अजून एकदाही किंचाळलं नाही बघा. धाकटी म्हणाली, तसंच राहू दे.

शिवणकाम तिच्या हातचं होतं, पण काजं आणि बटणं करताना तिच्या नाकी नऊ आले. या कामाला माणूस मिळेना. मशीन चालवणारे चिकार, सुई धरणारं कुणी नाही. टेबलावर बिनबटणांच्या शर्टांचा ढीग चढत चालला. भिंतीपाशी रचलेले तागे मात्र वापरून संपले आणि कधी नव्हे ती खिडकी मोकळी झाली.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. दुकानात भलत्या वेळी अंधारलं, म्हणून तिने मशीनवरचा दिवा लावला. बटण वर चित्रं काढत बसलेली. समोरचा रेडिओ बंद होता, बहुतेक इस्त्रीवाला जेवायला गेला असावा. मशीनची टकटक तेवढी चालू. एक शर्ट संपला, तिने दोरा तोडला, शर्ट झटकला, सातआठ शर्टांची चवड केली, हात लांबवून झडप सरकवली, चवड फळीवर ठेवली, झडप ओढून घेतली आणि वाजवलं.

टक टक.

आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. वर्षानुवर्षांची सवय हो, हाताला काय ठाऊक माणूस गेलंय ते! ती आधी हसली. मग कपाळ टेबलावर टेकून बसून राहिली. चवड परत काढायचंसुद्धा जिवावर आलं. म्हणाली, असू दे, चहा घेते आणि मग बघते. ती जिन्याकडे वळली. एक पायरी चढली असेल नसेल…

टक.

लाकूड तडकतं. भिंती बोलतात. उंदीर असतात. हे सगळं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण तो आवाज तिला ओळखीचा होता. अंगठीच्या बोटाने, झडपेच्या खालच्या कोपऱ्यात, न घाबरता न घाई करता दिलेली टक. ती पायरीवरच बसली. बऱ्याच वेळाने ती उठली आणि तिने झडप सरकवली.

पलीकडे मिट्ट काळोख. खोलीतून औषधाचा जुना, गोडसर वास आला. फळीवर शर्टांची चवड होती, कडा कडेला लावून घडी घातलेली. काजं झालेली होती. बटणं लागलेली होती. गळ्याचं प्रत्येक बटण जरासं उंच, खाली दोऱ्याचा देठ.

तिने चवड उचलली आणि हात मागे घेतला. शर्ट गरम होते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही हे सांगायला नको. थकव्यात आपणच लावली असतील आणि विसरलो असू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. पण दुसऱ्या दुपारी तिने मुद्दाम चवड ठेवली, आणि जाणूनबुजून वाजवलं. उत्तर आलं. तिसऱ्या दिवशीही आलं. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला भरून आलं. जिला धड निरोप देता आला नाही ती बहीण भिंतीपलीकडे बसून काजं करते आहे. कुणाला नको वाटेल? ती झडपेशी तोंड नेऊन बोलायला लागली. गल्लीतल्या बातम्या, वाढलेली पोरं, मिशीवालं गिऱ्हाईक. “ताई… बरं वाटतंय ना आता?” असं तिने एकदा विचारलं. पलीकडून कुणीतरी जड श्वास घेतल्यासारखं झालं, तो श्वास मध्येच अडकला, आणि मग पुन्हा सुई कापडातून जाण्याचा बारीक आवाज यायला लागला. पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही.

काम झपाझप उरकू लागलं. शर्ट इस्त्रीला समोर जायचे. इस्त्रीवाला बापडा सरळ माणूस. एका सकाळी तो चवड घेऊन परत आला आणि बाकड्यावर ठेवत म्हणाला, “धाकटे, चेष्टा करतेस का माझी? इस्त्री केलेले कपडे इस्त्रीला देतेस?”

ती म्हणाली, नाही हो काका, कालच शिवलेत.

“मग गरम कसे? बरं, माझ्या इस्त्रीची गरमी कोरडी असते. ही तशी नाही.” तो थांबला, हात पंचाला पुसला. “आमची ही तापाने फणफणली होती ना, तेव्हा तिचे कपडे काढताना असे लागायचे हाताला.”

एवढं बोलून तोच ओशाळला, आणि आपल्या नातवाचा शर्ट तेवढा घेऊन गेला. धाकटीने बाकीचे शर्ट दोरीवर वाऱ्याला टांगले. दुपारपर्यंत टांगून ठेवले. गार झाले नाहीत. गिऱ्हाइकांची घाई होती, तिने ते तसेच घरोघर पोचवले.

लगेच दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या नातवाला ताप आला. पाठोपाठ कोपऱ्यावरच्या जुळ्या पोरींना. तिघांनीही नवा गणवेश घालून घरभर मिरवलं होतं. गल्लीचे दिवसभर उघडे राहणारे दरवाजे पुन्हा लागले. पट्ट्या पुन्हा तोंडावर आल्या. बायका खिडकीतून एकमेकींना विचारायला लागल्या, परत तेच का गं? संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज पार उतरलेला होता. म्हणाल्या, आणखी एखादं जरी पोर आजारी पडलं तरी शाळा पुढे ढकलावी लागेल, आणि या वेळी ढकलली तर पुन्हा कधी उघडेल ते माझ्या हातात नाही.

थोरलीने बजावलं होतं, इथलं काही बाहेर जाता कामा नये. आणि धाकटीने ते स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं. शर्टांची चवड करून, घराघरांत.

तिने वेळ घालवला नाही. माप चुकलंय, दोऱ्याचा रंग उतरतोय, काय वाटेल त्या सबबी सांगत ती घरोघर हिंडली आणि एकूण एक शर्ट गोळा करून आणला. मग ब्लेड घेऊन बसली आणि थोरलीने लावलेलं एकेक बटण उसवलं, एकेक काज सोडवलं. उसवलेला दोरा बोटाला गरम लागायचा आणि जमिनीवर पडला की गार व्हायचा. ती रडत होती आणि उसवत होती. इतकं सुबक काम तिने आयुष्यात कधी मोडलं नव्हतं.

मग रात्री जागून तिने काजं-बटणं पुन्हा स्वतः केली आणि शर्ट ज्याचे त्याला परत पोचवले. शर्टांचं झालं, पण थोरलीचं काय? ती अजून आतच होती. अजून तापात होती. दोन वर्षं ती दार लावून बसली होती, कारण तिने सांगितलं होतं की संपलं की सांग, आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा तिला आपल्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

रविवारी दुपारी तिने मागच्या बोळात जाऊन खोलीचं दार उघडलं. ज्या दाराने थोरलीला नेलं होतं तेच. आत गेली नाही, दार फक्त सताड लोटून ठेवलं. मग वळसा घालून दुकानात आली, झडपेपाशी बसली आणि टक टक केली. फळीवर काही ठेवलं नव्हतं.

“ताई… काम नाही आणलं. सांगायला आलेय. संपलं गं सगळं. उद्या शाळा उघडतेय. तुला ताप नाही आता. खूप दिवस बसलीस आत. आता बाहेर ये… मागचं दार उघडं ठेवलंय.”

काहीच आवाज नाही. सुईचाही नाही. बराच वेळ गेला. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आणि अगदी जवळून, झडपेच्या खालच्या कोपऱ्यात…

टक.

ती धावत बोळात गेली. मागचं दार वाऱ्याने हलत होतं. आत डोकावली. खाट, कपाट, सगळ्यावर धुळीचा थर, फक्त स्टुलाची बैठक लखलखीत स्वच्छ. सुई भिंतीवरच्या कापडी गादीत नीट खोचून ठेवलेली, काम संपल्यावर ठेवतात तशी. औषधाचा वास नव्हता. गेली बाई, सुटली, असं धाकटीला वाटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. दाराला कुलूप लावताना तिला वरच्या मजल्यावरून बटण खिदळताना ऐकू आली. फोनवर बापाशी बोलत असेल, असं तिने धरलं. फोन तिच्याच कमरेला खोचलेला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत इस्त्रीवाल्याच्या नातवाचा ताप उतरला. जुळ्यांचाही उतरला. मोठ्या बाईंचा फोन आला: शाळा ठरल्याप्रमाणे उघडणार. गल्लीत कुणीतरी रेडिओ मोठ्याने लावला आणि कुणी तक्रार केली नाही.

सकाळी धाकटीने कपाटातून बटणचा शर्ट काढला. पोरगी कधी नव्हे ती स्वतःहून उठून, केस विंचरून उभी होती. रडणं नाही, कुरकुर नाही. धाकटी खालून एकेक बटण लावत वर आली. गळ्याचं बटण लावलं. ते सहज गेलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

बटण उंच होतं. खाली दोऱ्याचा देठ होता.

“हे… कुणी केलं?”

“मावशीने सैल केलं,” बटण म्हणाली, जसं काही हे विचारायची गरजच नव्हती. “घट्ट होत होतं. तूच सांगितलंस ना तिला, बाहेर ये म्हणून.”

धाकटीने तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. गळ्याला, पोटाला लावला. गार. फक्त उजव्या हाताचा तळवा तेवढा गरम, चहाचा कप धरून ठेवल्यासारखा. तिला वाटलं, आज पाठवूच नये. दार लावून घ्यावं, पोरीला उराशी धरून बसावं. पण मग किती दिवस? आणि पोरगी तर दारात उभी राहून पायांनी नाचत होती, चल ना आई, उशीर होतोय म्हणत. दोन वर्षांत ती बाहेर जायला अशी उतावीळ झालेली धाकटीने पाहिली नव्हती. ती निघाली. दुसरं काय करणार?

रस्ता पोरांनी फुलला होता. सगळ्यांच्या अंगावर धाकटीच्या हातचे शर्ट. बटणने आईला डावा हात दिला. उजवा हात ती बाजूला जरा उंच धरून चालत होती, आणि समोरून येणारी माणसं का कोण जाणे त्या बाजूने जास्तच वळसा घालून जात होती. वाटेत धाकटीने विचारलं, भीती वाटते का गं? बटणने मान हलवली, नाही. “सगळ्यांना तोंड असलं तरी चालेल,” ती म्हणाली. “मावशी म्हणाली, बघायचं नाही त्यांच्याकडे, आपलं आपण चालायचं.”

फाटकाशी पोरं रांगेत उभी होती, सवयीने एकमेकांपासून चार हात लांब. मोठ्या बाई हसत सांगत होत्या, आता जवळ या रे, आता अंतर नको. पोरं हसत पुढे सरकली, एकमेकांना चिकटली. पण बटणच्या मागची जागा तशीच मोकळी राहिली. एका माणसाची जागा. मागच्या मुलाला बाईंनी दोनदा पुढे ढकललं, तो दोन्ही वेळा मागे सरला. बटणचा उजवा हात मागे होता, मूठ अर्धी मिटलेली.

पालकांना फाटकाबाहेर थांबवलं होतं. शिपाई पिस्तूल घेऊन प्रत्येक कपाळ बघत होता आणि कुणाच्या तरी बापाशी गप्पा मारत होता. बटणच्या कपाळासमोर धरलं. हिरवा. ती पुढे गेली. बोलण्याच्या नादात शिपायाने सवयीने पुढचं कपाळ म्हणून हात पुढे केला. पोरांसाठी खाली धरलेला त्याचा हात आपसूक वर गेला, मोठ्या माणसाच्या कपाळाइतका, आणि त्याने मोकळ्या जागेत चाप ओढला.

पिस्तूल लाल होऊन किंचाळलं.

शिपायाने पिस्तूल उलटंसुलटं केलं, स्वतःच्या तळहातावर धरलं. हिरवा. “बिघडलं वाटतं,” तो पुटपुटला आणि कसंनुसं हसून त्याने पुढच्या मुलाला बोलावलं. रांग सरकली.

धाकटीने फाटकाचे गज धरले. ‘ताई, परत फीर’ असं तिला ओरडायचं होतं. पण बटण शाळेच्या दारात पोचली होती, मान वर करून आपल्या उजव्या बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होती, आणि इतकं मोकळं हसताना तिला आईने कधी पाहिलं नव्हतं. धाकटीच्या तोंडून निघालं ते एवढंच…

“सांभाळ गं तिला.”

शेवटचं पोर आत गेलं. शिपायाने शाळेचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. मग त्या बंद दाराच्या आतून, खालच्या कोपऱ्यात, एकदाच वाजलं.

टक.